देव्हाऱ्यातला दाढीवाला

मित्रांनो, कल्पना करा, रोज सकाळी कुणीतरी तुमच्या अंगाला चिंच चोळते आहे आणि भलत्याच नावाने तुम्हाला हाक मारते आहे. आला ना राग? मग माझा राग तुम्हाला नक्की कळेल.

मी एक जुने चांदीचे नाणे आहे. दीड हजार वर्षांपूर्वी इराणच्या टाकसाळीत माझा जन्म झाला. माझ्या एका बाजूला पंखांचा मुकुट घातलेला राजा आहे. दुसऱ्या बाजूला पवित्र अग्नीची वेदी, आणि तो अग्नी विझू नये म्हणून शेजारी उभे असलेले दोन राखणदार. व्यापाऱ्याच्या कमरेला बसून मी समुद्र ओलांडला. पुढे कुठेतरी पडले, ते अंथुर्णे गावच्या एका शेतात नांगराला लागेपर्यंत मातीतच होते.

ते शेत विजयमाला नावाच्या बाईच्या सासऱ्यांचे. त्यांनी वेदीलाच देवी समजून मला देव्हाऱ्यात, देवांचे मुखवटे उठवलेल्या चांदीच्या टाकांच्या रांगेत बसवले. राजा मात्र पालथा! हळदकुंकू भरपूर मिळाले, पण मला उलटून कुणी पाहिले नाही. चिंचेने घासून घासून माझी अक्षरे पार पुसली गेली. असला मान काय चाटायचा आहे?

यंदा घरात लग्न निघाले. लग्नाआधी झिजलेले टाक आटवून नवे घडवायचे, ही त्या घरची रीत. विजयमाला मला घेऊन बारामतीच्या गोकुळ सोनाराकडे आली. बरोबर नात छकुली होती.

गोकुळने मला उलटले आणि तो हसूच लागला. "काकी, तुमच्या देवीला दाढी हाय की!"

"चष्मा बदल, मेल्या."

"आजी, खरंच हाय!" छकुली वाकून बघत म्हणाली. "कानात डूल बी हाय. ह्यो राजा हाय कुणीतरी."

"काकी, लई जुनं दिसतंय. कुणा जाणत्याला दावू या का?"

"उद्या हळद हाय, आन् तू दावत फिर! आटव गुमान."

"आटवल्यावर ह्यो परत दिसंल का?" छकुलीने विचारले.

"न्हाय गं बाय," गोकुळ म्हणाला आणि निखारे फुंकू लागला.

माझा नुसता संताप झाला. ज्या अग्नीची राखण माझ्या पाठीवर इतकी शतके चालली, तोच आता मला गिळणार! मित्रांनो, जुनी वस्तू पुजण्याआधी आणि मोडण्याआधी एकदा उलटून तरी पाहा. एवढेच माझे मागणे आहे.

गोकुळने मला चिमट्यात धरले. तेवढ्यात छकुलीने पाण्याचा तांब्या उचलला आणि सगळाच्या सगळा शेगडीत ओतला.