पोदेराच्या भट्टीतला स्टेअरिंग बॉक्स

गोव्यात पाळी गावच्या खाणीवर वेल्डर म्हणून लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि लोखंडातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मी आजऱ्याकडचा, तोंडाने फटकळ. इथले लोक मला घाटी म्हणायचे आणि मी त्यांच्या मासळीला नाकं मुरडत मुरडत तीच दोनदा वाढून घ्यायचो. त्या दिवसांतलं बरंच आता पुसट झालंय. सत्त्याऐंशीचा मे महिना मात्र मला तारीखवार आठवतो.

बाबली मिस्त्री आधी आमच्याच वर्कशॉपात होता. वय झालं तसा तो पेडण्याकडच्या आपल्या गावी गेला आणि घराशेजारी शेड घालून ट्रॅक्टर, पंप, गिरणीची इंजिनं दुरुस्त करू लागला. त्याने बसच्या कंडक्टरकडून मला निरोप धाडला: स्टेअरिंगची रेस अडकलीय, तुझी हत्यारं घेऊन ये. मला गंमत वाटली. चाळीस वर्षं हातोडा धरलेल्या माणसाला एक रेस निघेना, आणि त्याने बोलावलं कुणाला, तर मला. आठवड्याची रजा टाकून मी निघालो.

ट्रॅक्टर शेवंतीवहिनींचा होता. त्यांचा नवरा महादेव दोन वर्षांपूर्वी वारला. पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेला तो परदेशी ट्रॅक्टर महादेवने जुना म्हणून घेतला होता. तो गेल्यावर वहिनी स्वतः चालवायला शिकल्या. पदर खोचून त्या सीटवर बसल्या की सुरुवातीला माणसं बांधावर उभी राहून बघायची, मग त्यांनाही सवय झाली. आता स्टेअरिंग जाम झालं होतं. थोरला दीर कृष्णनाथ याने चार माणसांत सांगून टाकलं होतं की मिरगापर्यंत ट्रॅक्टर चालला नाही तर वहिनींच्या शेतात त्याचे बैल उतरतील. एकदा त्याचे बैल उतरले की ते शेत वहिनींकडे परत येणार नाही, हे सगळ्या गावाला कळत होतं. वहिनींनाही कळत होतं.

बाबलीने बॉक्स खोलून लाकडी ठोकळ्यावर ठेवला होता. बेअरिंगची बाहेरची पोलादी कडी, तिला आम्ही रेस म्हणतो. ती बॉक्सच्या खोबणीत ठोकून बसवलेली असते. वरची निघाली होती. खालची मात्र तळाशी, आंधळ्या भोकात. मागून पंच घालायला वाट नाही, पुढून छिन्नी लावायला कड नाही, आणि आत पाणी जाऊन गंज धरलेला. तीन दिवस बाबलीने रॉकेल पाजलं, टोकवाकडे आकडे घडवले, बाजूने ठोकलं. रेस जागची हलली नाही. बॉक्स बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. जास्त ठोकलं तर तडकणार, आणि तडकला तर दुसरा मिळण्याची आशा नाही.

मी म्हटलं, रेसच्या आतल्या अंगाने वेल्डिंगचा एक वेढा देऊ. पोलाद तापून निवताना आकसतं. ती आपणहून सुटेल. बाबलीने हे कधी ऐकलं नसावं, पण तसं कबूल करणं त्याला जमणारं नव्हतं. बिडाजवळ आग नको, एवढंच तो चारदा म्हणाला. शेवटी वहिनी म्हणाल्या की त्यांना मिरगाची तारीख पुढे ढकलता येत नाही, काय ते करा.

सकाळी खिडक्यांची ग्रिलं करणाऱ्याकडून वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर आणला. काम सुरू करण्याआधी बाबलीने टोपी काढून देवाला गाऱ्हाणं घातलं, की बा म्हाराजा, हें लोखण आयकना, तूं ताका सांग. मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला मी एकटाच होतो, तेव्हा मीच म्हणालो. मग चष्मा चढवून मी रेसच्या पोटातून एक वेढा फिरवला. बॉक्स उलटा केला आणि आम्ही दोघं बिडी ओढत बसलो. अर्धी बिडीसुद्धा झाली नव्हती. रेस खाली फळीवर पडली, कुणी हात न लावता.

बाबली उठून नाचायचाच काय तो राहिला. त्याने रेस उचलली, हात भाजला, टाकली, पुन्हा उचलली. म्हणाला, ज्याच्या हाताला यश त्याच्याच हातचा नारळ, आणि कोनाड्यातला नारळ माझ्या हातात देऊन तो हळद-पिंजर, म्हणजे हळदकुंकू, आणायला घरात गेला. मी काय करावं? आमच्याकडे खंडेनवमीला जसं करतात तसं केलं. यंत्राचा मान यंत्राला. बॉक्सच्याच कडेवर नारळ हाणला आणि पाणी वरून सोडलं.

बीड अजून तापलेलं होतं. आवाज अगदी बारीक आला. तडा रेसच्या खोबणीपासून वरच्या बोल्टापर्यंत गेला, वीतभर. मी बघत राहिलो. मी वेल्डर होतो, तापल्या बिडावर थेंब पडू द्यायचा नाही हे मला झोपेतही माहीत होतं. आनंदाच्या भरात मी ते विसरलो.

बाबली पिंजर घेऊन आला आणि त्याने एका नजरेत सगळं ओळखलं. तो काही बोलायच्या आत वहिनी दारात आल्या, मागून कृष्णनाथ. नारळाचा आवाज ऐकून तो काम झालं का बघायला आला होता. त्याने वाकून तड्यावरून बोट फिरवलं आणि कुणी केलं विचारलं. माझं तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो. पण माझ्या आधी बाबली बोलला.

"म्हजो हात चुकलो."

कृष्णनाथ गालात हसला, वहिनींकडे न बघता निघून गेला. मी गप्प राहिलो. परक्या गावात घाट्याने विधवेचा ट्रॅक्टर फोडला, हे उद्या बाजारभर झालं असतं, आणि मला भीती वाटली. बाबलीनेही त्याच भीतीने ते स्वतःवर घेतलं असणार. पण भीती त्याने माझ्यासाठी बाळगली, मी स्वतःसाठी.

वहिनी ओट्यावर बसून राहिल्या. मी म्हटलं, पितळेने सांधता येईल, मात्र बॉक्स आधी सगळीकडून सारखा तापायला हवा आणि नंतर दिवसभर सावकाश निवायला हवा. नाहीतर सांध्याशेजारी दुसरा तडा जाईल. एवढी मोठी आणि एकसारखी ऊब कुठे मिळणार? बाबलीने विझलेली बिडी कानावर खोचली. मग म्हणाला की ती गावात एकाच ठिकाणी आहे, कायतान पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत.

आता बाबली आणि कायतान हे लहानपणचे दोस्त, आणि दीड वर्ष त्यांचं बोलणं बंद होतं. कारण भाषेचं. राजभाषा कोणती यावरून गोवा पेटला होता. बाबली मराठीच्या मोर्चात गेला, कायतान कोकणीच्या. एका संध्याकाळी तिठ्यावर दोघं त्यावरून हमरीतुमरीवर आले, आणि मजा अशी की भांडले दोघंही एकाच बोलीत. तेव्हापासून कायतानची सायकल भोंपू वाजवत बाबलीच्या दारावरून पुढे जायची आणि बाबली पाव आणायला बाजारापर्यंत चालत जायचा. हट्ट दोघांचेही सारखेच. मी मध्यस्थी करतो म्हटलं तर बाबली माझ्यावरच खेकसला.

गेला तो स्वतःच. मी बॉक्स पोत्यात घेऊन मागे. कायतान भट्टीपुढे पीठ झाडत होता. बाबलीने टोपी काढली आणि भट्टी दोन दिवसांसाठी हवी म्हणून सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं, आपलाच हात चुकल्याचं धरून. कायतानने पोत्यात डोकावून बघितलं.

"देड वर्स पाव खंयचो खातालो?" त्याने विचारलं.

"बाजारांतलो," बाबली म्हणाला. "रबरासारको."

कायतान आधी हसला की बाबली, ते मला सांगता येणार नाही, माझं लक्ष जमिनीकडे होतं. भांडण तिथे संपलं. मोर्चांविषयी दोघांनीही अवाक्षर काढलं नाही, आणि माझी खात्री आहे की दोघांची मतंही होती तिथेच राहिली.

एकोणतीस तारखेला पहाटेचे उंडे, म्हणजे गोल पाव, काढल्यावर तापलेल्या भट्टीत बॉक्स सरकवला. दुपारी कायतानने पाव काढायच्या लांब फळीने तो बाहेर ओढला. मी तिथेच अंगणात ग्रिलवाल्याकडून आणलेल्या गॅसने पितळेची काडी उतरवत तडा भरून घेतला. घामाने डोळे चुरचुरत होते, पण हात हलू दिला नाही. लगेच बॉक्स पुन्हा आत, तोंडाला पत्रा, पत्र्याला माती. भट्टी निवेपर्यंत पुन्हा पेटवायची नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी गावाला पाव नाही. आणि दुसरा दिवस होता तीस मे, गोवा राज्य झालं तो.

सकाळपासून माणसं पाव मागायला आली. सणाचा दिवस, आणि भट्टी बंद. कायतान घरात झोपून होता. दारात बाबली उभा राहिला आणि येईल त्याला सांगत राहिला की माझा हात चुकला, बॉक्स फुटला, आज एक दिवस सोसा. कुणी हसलं, कुणी करवादलं. वीस-पंचवीस जणांना त्याने तेच ऐकवलं. मी मागे सरपणावर बसून ते प्रत्येक वेळी ऐकलं. तेवढी लाज मला नंतर कधी वाटली नाही.

संध्याकाळी बॉक्स बाहेर काढला. सांधा स्वच्छ होता, शेजारी केसाएवढीही रेघ नव्हती. म्हापशाहून आणलेल्या नव्या रेसा बाबलीने दुसऱ्या दिवशी बसवल्या, बॉक्स चढवला, वंगण भरलं.

मिरगाला पाच-सहा दिवस होते. वहिनी ट्रॅक्टर घेऊन शेतात गेल्या तेव्हा कृष्णनाथचे बैल बांधावर जुंपून उभेच होते. शेत चिंचोळं, बत्तीस पावलांवर वळण. पहिल्या वळणाला मी उठून उभा राहिलो. चाक वळलं. दुसऱ्या वळणालाही वळलं. चौथ्या फेरीला कृष्णनाथने बैलांचं जू उतरवलं आणि तो त्यांना घेऊन घराकडे गेला. पलीकडच्या बांधावर बाबली आणि कायतान एका पानातली सुपारी खात बसले होते.

दुपारी वहिनींनी ट्रॅक्टर थांबवला. मी जवळ गेलो. जे चार दिवस पोटात होतं ते एका दमात सांगून टाकलं. नारळ मी फोडला, बॉक्सवरच फोडला, पाणीही मीच सोडलं, मिस्त्रीचा त्यात काही दोष नाही. वहिनी हात पुसत ऐकत होत्या.

"म्हाका खबर आसा," त्या म्हणाल्या. "बाबली नारळ उंबऱ्यार फोडता. लोखणार केन्नाच फोडिना."

त्या पहिल्याच क्षणी त्यांना कळलं होतं. आणि तरी दुसऱ्या खेपेला तो बॉक्स त्यांनी माझ्याच हाती दिला होता. मग का नाही बोललात, असं मी कसंबसं विचारलं.

"तूं केन्ना सांगता, ताची वाट पळयताली. चल, जेवण निवता."

मी बांधावर बसलो आणि पोरासारखा रडलो. त्या तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या.

तुम्हाला खरं ठाऊक आहे हे बाबलीला सांगायचं का, असं जेवताना मी विचारलं. त्या नको म्हणाल्या. पुढे बारा वर्षं, मरेपर्यंत, बाबली मिस्त्री भेटेल त्याला तो किस्सा सांगायचा, की राज्य झालं त्या दिवशी माझ्या एका चुकलेल्या हातामुळे गाव बिनपावाचं राहिलं. मी समोर असलो तर माझ्याकडे न बघता सांगायचा. वहिनी आणि मी त्याला सांगू द्यायचो.