बर्फाचे डोहाळे

चौथा महिना

"आणलंत का?"

दार पुरतं उघडलंही नव्हतं. बर्फ कारखान्यातल्या त्या कामगारानं गोणपाटात गुंडाळलेला तुकडा पुढे केला. लादीच्या कडेचा, काचेसारखा नितळ. पोटुशी बायको उभ्या उभ्याच कडाकड चावू लागली.

"जेवलीस?"

"भूकच नाही हो. हेच बरं वाटतं."

गडी खूश. कारखान्यात सांगत सुटला, "आमच्या पोराला आतापासूनच बापाच्या धंद्याचे डोहाळे!"

"मजा आहे बुवा," मुकादम म्हणाला. "आमच्या हिनं भर उन्हाळ्यात बोरं मागितली होती."

पाचवा

जिना चढताना ती मध्येच बसली. ओठ पांढरेफटक.

दवाखान्यात नर्सबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, बोटाला सुई टोचली.

"साडेआठ. रक्त फारच कमी आहे. खातेस काय गं?"

"बर्फ," नवराच छाती फुगवून म्हणाला. "एक दिवस चुकवलेला नाही मी."

"अहो, हे डोहाळे नव्हेत. अंगात लोह कमी पडलं की कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला बर्फ. बाळंतपणात रक्त गेलं, तर हिच्याकडे जायला आहे किती?"

फुगलेली छाती तिथेच बसली.

"मग बर्फ बंद करायचा?"

"आधी जेवण वाढवा. गोळी चुकवू नका. बर्फाचं मग बघू."

सहावा

गोळी. तिच्यावर लिंबूपाणी. लगेच चहा नाही. डाळ, पालेभाजी, अंडं. सगळं त्यानंच शिजवलेलं, कधी खारट, कधी करपलेलं.

"हा पाला मी गिळायचा?"

"गीळ. मग बर्फ."

"लाच देताय होय?"

"घेतेस ना? मग झालं तर."

आठवा

रक्त अकराला टेकलं. नर्सबाई हसल्या. तो त्या संध्याकाळीही तुकडा घेऊन आला. ती ताटावर बसलेली.

"आज विचारलं नाहीस?"

"काय?" मग तिला गोणपाट दिसलं. "अगंबाई! आज आठवणच नाही झाली. राहू द्या ते. डाळ वाढा आधी, पोटात कावळे ओरडतायत."

त्यानं वाढली. पुन्हा वाढली. पातेलं खरवडलं. मोरीत बर्फ आपसूक विरघळत होता.

"रागावलात?"

"वेडी का तू!"

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर तो कारखान्याच्या फाटकातून बर्फ न घेता तसाच बाहेर पडला. शीळ घालत. चालताना हात कुठे ठेवावेत, ते मात्र त्याला घर येईपर्यंत सुचेना.