भट्टीचा झणका

चितेगावच्या कारखान्यापासून थेट पैठण रस्त्यापर्यंत बायाबापड्यांची रांग लागली होती. सगळे अनवाणी. आत रंग भाजायची विजेची भट्टी हार घालून उभी. तिला ओला हात लावला की अंगात झणका यायचा.

"आई जागी झाली!" सांडूमहाराज गरजत होते. "गुडघं, कंबर, मणका, समदं मोकळं! चपला भाईर काढा, पाय धुऊन या. ज्याला झणका नाय, त्याच्या मनात पाप!"

स्वतः मात्र रबरी चपला घालून हातभर लांब उभे.

"तुमी नाय का हात लावत, महाराज?" रांगेतून एकानं विचारलं.

"माझ्यात आई चोवीस तास हाय, येड्या!"

कुणी हसलं नाही. उलट हात जोडले.

कारखान्याचा वायरमन कारभारी दाराशी उभा होता. रबरी बूट घालून त्यानं भट्टीला हात लावून पाहिला होता, त्याला काहीच झालं नव्हतं. महाराजांच्या मते पापी तोच. आणि ते खरंच होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं भट्टीला नवा टेंपरेचर कंट्रोलर बसवला. शेठला पूजेआधी भट्टी चालू हवी होती. अर्थिंगची हिरवी वायर नव्या डब्यापर्यंत पुरेना, म्हणून टेप गुंडाळून तशीच सोडली. दसऱ्यानंतर जोडू. एरवी सगळे बुटात काम करतात. पण पूजेला पाय उघडे, फरशी धुतलेली, हात ओले. पहिल्या किंकाळीलाच त्याला कळलं. नोकरीच्या भीतीनं तीन दिवस तो गप्प राहिला.

गप्प बसायची सवय जुनीच. गेल्या साली बायकोला, द्वारकाला, कावीळ झाली. याच महाराजांनी आठ दिवस मंतरलेलं पाणी पाजलं. सासूला वाईट वाटेल म्हणून कारभारी बोलला नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

"सरका रं, आता माझा नंबर!" झाडूवाली दगडाबाई पुढं आली. काळजाच्या गोळ्या खाणारी म्हातारी. कोपरापर्यंत हात ओले.

कारभारीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

तिनं हात लावला. "आगं बया! आई गेली कुठं?"

"कोपली!" महाराज ओरडले. "कोन्या पाप्यानं..."

"व्हय, पापी मीच." कारभारीनं सगळ्यांना मागं सारलं, स्विच चढवला, भट्टीच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. "ही वीज हाय. आतल्या हीटरमधून ती पत्र्यात गळतीय. ती गळती हिरव्या वायरीनं जमिनीत जाया पायजे. वायर मी जोडलीच नाय, म्हनून ती तुमच्या अंगातून गेली. पायात रबर असलं की लागत नाय. महाराज, काढा चपला, लावा हात."

महाराजांनी पाय मागं घेतला. रांगेतल्या साऱ्यांनी तो पाहिला.

"कारभारी, नोकरी जाईल तुझी," गर्दीतून पुढं येत शेठ म्हणाले.

"जाऊ द्या, शेठ."

त्यानं मेन बंद केला, टेस्टरनं दोनदा तपासलं, लांब वायर जोडून स्क्रू आवळला. मग स्विच चढवून टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. स्विच पुन्हा पाडून तो म्हणाला, "हीटर बदलल्याबिगर भट्टी चालवू नका."

दगडाबाई खाली बसली. "गुडघं हलकं वाटलं असतं रं."

"काळीज थांबलं असतं, मावशी."

"मंग तीन दिस का नाय बोललास?"

कारभारीनं भट्टीवरचा हार काढून ठेवला.

झणका बसला तर हात जोडू नका. आधी मेन बंद करा, मग वायर कुणी जोडली ते विचारा. आणि ज्यानं जोडली असेल त्यानं खरं सांगावं. वेळेत सांगावं.