लोणच्याच्या बरणीला मुजरा

जयनगरच्या नयनाताईंनी वॉल्टर पिंकनी या विसरल्या गेलेल्या अमेरिकन लेखकाच्या १९५०च्या दशकातल्या विज्ञानकथा मराठीत आणल्या होत्या. आज त्याची म्हातारी लेक व्हिडिओ कॉलवर आली. म्हणाली, "मराठीतच वाचून दाखवा."

मंगळावरचा पाहुणा लोणच्याच्या बरणीला राणी समजून मुजरा करतो, तिथे पोचल्यावर नयनाताईंना हसू आवरेना. पलीकडे म्हातारीही खो खो हसत सुटली.

"तुम्हाला कळलं?"

"एक अक्षर नाही! पण टाइप करता करता बाबा अगदी असेच हसायचे."

कॉल संपताच नयनाताईंनी नवऱ्याला सोफ्यावरून ओढून काढलं आणि त्याच्याशी फुगडी घातली. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या अक्का तक्रार करायला आल्या, तर त्यांनाही आत ओढलं.