पेटंटआधीचा सत्कार

तामलवाडीच्या समाजमंदिरात दीक्षाचा सत्कार होता आणि सत्कारमूर्तीलाच एका जागी बसवत नव्हतं. खाऱ्या पाण्यानं ठिबकच्या नळ्या तुंबू नयेत म्हणून तिनं विद्यापीठात एक डबी तयार केली होती. पेटंटचा अर्ज सोमवारी जायचा होता. तोवर आतली रचना चारचौघांत उघड झाली तर पेटंटवर पाणी सोडावं लागेल, असं विद्यापीठानं बजावलं होतं.

इकडं तिचे वडील राजपाल आठवडाभर भाषण घोकत होते. डबीची चाचणी त्यांच्याच शेतात झालेली, त्यामुळं आतलं सगळं त्यांना तोंडपाठ. जन्मात पहिल्यांदा हातात माईक येणार होता. आणि या शहाण्या मुलीनं बापाला सांगितलं कधी, तर आज सकाळी!

"पप्पा, डबीच्या आत काय हाय ते बोलू नका."

"मग बोलू काय? आपल्याच मान्सांपासून लपवायचं व्हय? हितं कोण चोर हाय?"

"चोर कुणीच न्हाय. पर बातमी फुटली की कुणीबी कंपनी आयतं उचलंल. माझी समदी मेहनत जाईल, पप्पा."

राजपाल ताटावरून उठले. न जेवताच निघून गेले.

आता ते माईकपाशी उभे होते. समोर शेजारचे व्यंकटकाका मोबाईल धरून सगळा कार्यक्रम फेसबुकवर थेट दाखवत होते. बाप रागावलाय, बोलून बसला तर? भर सभेत त्याच्या हातातला माईक हिसकावायचा?

"तर मंडळी, त्या डबीच्या आत..." राजपाल थांबले. दीक्षा खुर्चीतून अर्धी उठली.

"खरं सांगू का? मला त्यातलं काय बी कळत न्हाय. पोरगी म्हनली हे धरा, म्या धरलं."

सभा हसली. व्यंकटकाकांना तर चेवच चढला. "राजपालभाऊ, मग इतके दिस रानात माशा मारत व्हता का?"

"व्हय की!" म्हणून राजपालही हसले. हशा आणखी वाढला.

पेटंट वाचलं. दीक्षाला मात्र तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

राजपाल तिच्या शेजारी येऊन बसले. रुमालानं तोंड पुसत हळूच म्हणाले, "कुठं काय जादा तर बोललो न्हाय ना?"