न घेतलेली शपथ

वाढलेलं ताट बाजूला सारायची सवय आमच्या अनयाला कुणी लावली, ते मला अजून कळलेलं नाही. नातीने आजीच्या हातचा कोंबडीचा रस्सा नाकारायचा म्हणजे काय? त्या रश्श्यासाठी वेंगुर्ल्याला माणसं आमच्या पडवीत ताटकळत बसायची. आणि इथे परदेशात ही कॉलेजातून शनिवारची ट्रॉयला घरी येते, ताटाकडे बघते आणि म्हणते, "आजी, मी चिकन सोडलंय."

"का गो? बरं नाही?"

"बरी आहे. अंडं, दूध, तूप, चीज, सगळंच सोडलंय. बांगडा आहे का?"

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. उपवास मला कुणी शिकवायला नकोत. दूध चालतं आणि मासा चालत नाही, असले सगळे मी जन्मभर केले. दूध बंद आणि मासा चालू, हा उपवास आपल्या कुठल्या देवाचा?

त्याच आठवड्यात नीलाने, म्हणजे सुनेने, गाडीतून एक पाटी वाचून दाखवली होती. मार्च महिन्यात इथल्या चर्चबाहेर शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाच्या पाट्या लागतात. हे त्यांच्या उपवासाचे दिवस, त्यात म्हणे शुक्रवारी मटण-कोंबडी बंद, मासा मात्र चालतो. मी काय ते समजले.

उल्हासही समजला. मुलगा माझा, पण डोकं बापासारखं थंड नाही. त्यात त्याच्या मोटारीच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललंय. पोरीने इंजिनिअरिंग सोडून इतिहास घेतला तो राग आणखी वेगळा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तूच विचार. तुझ्याशी ती खोटं नाही बोलणार. कन्व्हर्ट झाली असेल ना, तर कॉलेज बंद. हिस्टरी बंद. घरी बसू दे."

म्हणजे पोरीचं शिक्षण माझ्या एका शब्दावर टांगलेलं. असली कामं मला आवडतात, उगाच नाही कशाला म्हणू?

रविवारी पुन्हा मुद्दाम रस्साच टाकला. बघू तर खरं, वास आल्यावर किती टिकते. बांगडा मात्र सकाळीच बर्फातून काढून मीठ-तिखट लावून ठेवला होता. संशय संशयाच्या जागी, पोर उपाशी कशी ठेवायची? तिला स्वयंपाकघरात बोलावलं. उल्हास दाराशी उभा.

"चर्चमध्ये जातेस?"

"नाही."

"कुणी मुलगा आहे? तसला?"

"आजी! नो!"

"मग लाव माझ्या गळ्याला हात. घे शपथ."

तिने हात मागे घेतले. "शपथ नाही घेणार."

"का?"

"एकदा सांगितलं ना. ते खरं आहे. परत शपथ कशाला?"

"बघ, आई, बघ," उल्हास म्हणाला.

आमच्यात गळ्याला हात लावून खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. जो हातच लावत नाही त्याच्या पोटात काहीतरी आहे, हे शेंबडं पोरही सांगेल.

अनयाने खुर्ची ओढली. "आजी, ऐक. आठशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये काही बायका होत्या. पुरुषही होते. काळे कपडे घालून जोडीजोडीने फिरायच्या. मरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणायच्या. त्यांना वाटायचं, शरीर म्हणजे जेल. आत्मा आत अडकलाय, सुटेपर्यंत परत परत जन्म घेतो. कोंबडीतसुद्धा कुणीतरी असेल. म्हणून मांस नाही, दूध नाही. मासे पाण्यात आपोआप होतात असं वाटायचं, सो फिश वॉज ओके."

"ख्रिस्ती होत्या?"

"त्या म्हणायच्या, आम्हीच खरे ख्रिश्चन. चर्च म्हणायचं, हे पाखंडी. कुणावर डाउट आला की शपथ घ्यायला लावायचे, आणि हे लोक शपथ घ्यायचेच नाहीत. मग जाळायचे. त्याच्याही आधी एका गावात अशाच लोकांच्या पुढ्यात कोंबडी ठेवली. म्हणाले, मारून दाखवा. नाही मारली, तर फाशी."

शेगडीवर माझा रस्सा रटरटत होता. मी तिकडे बघितलं नाही.

"मग तू त्यांच्यातली झालीस?"

"त्यांच्यातलं कुणी उरलंच नाही, आजी." ती बोटातली अंगठी फिरवत राहिली. "आजोबांना नळ्या लावल्या होत्या ना, तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. काय म्हणायचं तेच सुचत नव्हतं. ते सुटले, असं मला मानायचंय. म्हणून करून बघतेय."

आमचे हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हॉस्पिटलात ही त्यांच्याजवळ बसायची ते मला माहीत होतं. हाताचं नव्हतं माहीत.

उल्हासचा आवाज जरा उतरला, पण हेका सुटला नाही. "ठीक आहे. मग शपथ घे आणि विषय संपव ना!"

अनयाची मान वर.

ती मान माझ्या ओळखीची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी माझ्यावर आळ घेतला, मी चोरून माहेरी नारळ पोचवते. रवळनाथाच्या देवळात चल, शपथ घे, म्हणाल्या. मी म्हटलं, नारळ नाही घेतले, सांगितलं एकदा. देवळाची पायरी काही चढले नाही. शिमग्यापर्यंत पडवीत निजले. हे आतल्या खोलीत जागे असायचे, खोकल्यावरून कळायचं. पण ही चोर नाही, असं त्या घरात कुणी कधी तोंडाने म्हटलं नाही. सासूबाई गेल्या, आता हेही गेले. म्हणायला कुणी उरलं नाही.

मी रश्श्याखालची शेगडी बंद केली. तवा घासून धुतला, तेल सोडलं, बांगडा टाकला.

"आई, मग काय ठरलं?" उल्हासने विचारलं.

ज्याचा निवाडा त्याच्या तोंडावर करावा. हिचा कुणी मुलगा आहे, हा माझा संशय अजून गेलेला नाही, ते मी बघेनच. बांगडा अनयाच्या ताटात वाढला आणि दाराशी ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हटलं,

"पोरी, तू बाटलेली नाहीस. हट्टी आहेस. आणि हा हट्ट या घरातलाच आहे, बाहेरून आलेला नाही. जेव. आणि उद्या कॉलेजात जा."