पाठीतला दादा

आमच्या दोघांपैकी घरच्यांना कोण हवं होतं? मी एक पुस्तक आहे. हा प्रश्न मी छापखान्यात विचारला, घरच्या कपाटात विचारला. 

एका आईने वर्षानुवर्षं एक चिकटवही जपली होती. प्रवासाची तिकिटं, मुलांनी काढलेले वाकडे हत्ती, रडके फोटो, सगळं तिच्यात. दोघं मुलगे पुढे भांडायला नकोत म्हणून तिने तिच्या दोन प्रती छापायला दिल्या. आधी थोरल्याची निघाली, मागून धाकट्याची, म्हणजे मी. म्हणून त्या प्रतीला मी दादा म्हणायचो. बांधणीआधी आम्ही सुट्या पानांनी शेजारी शेजारी पडून होतो. शिक्षण म्हणाल तर दादाजवळ पडून जे ऐकलं, माझं तेवढंच.

पहिलं पान दोघांचंही कोरं होतं, जाड. त्यावर आई बाइंडरकाकांच्या टेबलाशी बसून बॉलपेनने लिहीत होती. थोरला तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होता.

"त्याला पानभर आणि मला दोनच ओळी? मी काय रस्त्यात सापडलो?"

"त्याला समजावून सांगावं लागतं. तुला नाही लागत."

"ऐकलंस का रे? ढ म्हणतेय तुला."

"तुझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही सापडत नाहीये तिला," धाकटा म्हणाला.

आईने दोघांना पेनाने टपली मारली. "तुझं उरलेलं, पुस्तकं न्यायला येईन तेव्हा लिहिते. उठा आता."

त्याच आठवड्यात थोरला गेला. रस्त्यावर, एका वळणावर. घरून निघताना अगदी धडधाकट होता म्हणे.

बाबांचा फोन आला. "दोन नकोत आता. एकच करा."

"कोणाची ठेवू?" काकांनी विचारलं. पलीकडे फोन केव्हाच बंद झाला होता.

काकांनी फोन ठेवला. मग त्यांनी मला उचललं. मला वाचणारा तरी होता.

पुस्तकाच्या पाठीला, पानं शिवतात त्या कडेला, आतून जाड कागद लावतात आणि त्याला रद्दीतलंच पान घेतात. काकांचा हात सवयीने तिकडे गेला. रद्दीत दादाचंच पहिलं पान सगळ्यात जाड. त्याच्या उभ्या पट्ट्या कापून, खळ फासून त्यांनी त्या माझ्या पाठीवर एकावर एक बसवल्या. गार आणि ओल्या. मी ओरडणार होतो, पण तोवर मला दाबयंत्रात घातलं होतं.

घरी मला कोणी हात लावेना. एक धाकटा तेवढा उघडायचा. उघडलं की माझ्या पाठीतून आवाज यायचा, आत कोणी कूस बदलावी तसा. तो दचकून मला मिटायचा आणि पुन्हा उघडायचा. एकदा अगदी हळू म्हणाला, "दादा?"

 तुझा नाही, माझा आहे, असं मी त्याला कसं सांगणार?

एका दुपारी आईने मला मांडीवर घेतलं. पहिलं पान वाचलं. मग माझ्याखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, उशीखाली पाहिलं.

"त्याचं कुठंय?"

"मीच नको म्हटलं," बाबा म्हणाले. "कोण वाचणार होतं?"

"वाचायचं नव्हतं हो. मला लिहायचं होतं."

 धाकट्याने मला काखेत मारलं, आईचा हात धरला आणि तो चपला न घालताच बाइंडरकाकांकडे निघाला.

काकांनी सगळं ऐकलं.  मग माझ्या पाठीवर दोन बोटं ठेवून म्हणाले, "इथं आहे. मी... मला कळलं नाही हो, ताई."

"काढा," धाकटा म्हणाला.

"अरे, पाठ सोलली तर हे पुन्हा असं उभं राहणार नाही. तुझं पुस्तक आहे हे."

"काढा म्हटलं ना, काका!"

ओलं फडकं माझ्या पाठीवर ठेवलं गेलं. खळ फुगली. इतके दिवस मी दादाला घट्ट धरून होतो. पट्टी ओढली तशी मी सोडली. पुढची सोडली. एकीच्या वेळी माझं मन झालं नाही आणि तिचा कोपरा फाटून माझ्याकडे राहिला. मग मी एकदम सगळंच सोडून दिलं.

काकांनी पट्ट्या कोऱ्या कागदावर जोडून डकवल्या. अक्षरांना भेगा पडल्या होत्या, पण दोन्ही ओळी लागत होत्या. त्यांच्याखाली सगळं पान रिकामं.

आईने पेन काढलं. टेबल खळीने ओलं होतं, कागदाखाली टेकू हवा होता. पाठ गेल्यामुळे मी आता पाटासारखा सपाट पडत होतो. धाकट्याने मलाच तिच्यापुढे सरकवलं.

दादाचं पान माझ्यावर ठेवून ती लिहू लागली. पेनाचा दाब दादातून माझ्यात उतरत होता, ओळीमागून ओळ. मी जराही हललो नाही.